आधी साप, मग आत्मविश्वास

१९६०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका मानसशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. ज्यांना सापांची अतोनात भीती वाटते अशी माणसं प्रयोगासाठी हवी होती. माणसं आली. साप दिसल्यावर आपण सगळेच दचकतो, पण यांची भीती तसली नव्हती. कुणी बागकाम सोडून दिलं होतं, कुणी डोंगरात फिरायला जायचं बंद केलं होतं. साप प्रत्यक्ष समोर यायची गरजच नव्हती, तो येईल या विचारानेच त्यांचं आयुष्य आकसून गेलं होतं.

त्या मानसशास्त्रज्ञाचं नाव आल्बर्ट बांडुरा. मानसशास्त्र शिकलेल्यांना तो ठाऊक असतो. फुगवलेल्या बाहुलीला बडवणाऱ्या मोठ्या माणसाला पाहून लहान मुलंही तिला बडवतात, हा गाजलेला प्रयोग त्याचाच. मला मात्र त्याचं सापांचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण 'स्वतःवर विश्वास ठेवा' हे वाक्य आपण येताजाता एकमेकांना ऐकवतो, आणि हा विश्वास येतो कुठून याचं एक नेमकं उत्तर त्या सापाच्या खोलीत मिळालं.

प्रयोग असा होता. आलेल्या ४८ जणांची आधी परीक्षा घेतली. परीक्षेत २९ पायऱ्या होत्या. पिंजऱ्याच्या जवळ जाण्यापासून सुरुवात, मग त्यात डोकावणं, सापाला बोट लावणं, असं करत करत शेवटची पायरी म्हणजे खुर्चीत बसायचं, हात दोन्ही बाजूंना सोडायचे आणि सापाला आपल्या मांडीवर फिरू द्यायचं. मग या लोकांचे गट केले. एका गटाने दुसरी माणसं सापाशी खेळतायत अशी फिल्म पाहिली. दुसऱ्या गटाला शरीर सैल सोडून सापाचे प्रसंग मनात आणायला शिकवलं. ही त्या काळी भीती घालवायची मान्यताप्राप्त पद्धत होती. एका गटाला काहीच उपचार दिले नाहीत, तो फक्त तुलनेसाठी.

राहिलेल्या गटाबरोबर जे केलं ते आपल्या आज्यांना कळलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, यात काय मोठं संशोधन? आधी प्रयोग करणाऱ्याने स्वतः साप हाताळून दाखवला. हे लोक काचेपलीकडून पाहत होते. मग त्यांना खोलीत घेतलं. मग हातमोजा घालून सापाच्या अंगावर हात ठेवायला सांगितलं. तेही जमत नसेल तर शिकवणाऱ्याच्या हातावर आपला हात ठेवायचा आणि त्याचा हात सापावर. मग मोजा काढायचा. मग शिकवणाऱ्याने आपला हात काढून घ्यायचा. घाई नाही, आणि एक पायरी अंगवळणी पडल्याशिवाय पुढची नाही. आणि सगळ्यात शेवटी शिकवणारा पूर्ण बाजूला. याला मराठीत फार सुंदर शब्द आहे: भीड चेपणे.

या शेवटच्या गटातल्या ९२ टक्के लोकांनी २९वी पायरी गाठली. फिल्म पाहणारे आणि मनात चित्र आणणारे यांची भीतीही कमी झाली, पण त्यांच्यातले कितीतरी जण मधल्याच पायऱ्यांवर अडकले. मग त्यांनाही हात धरून खोलीत नेलं, आणि तेही पार झाले.

इथवर ही भीती घालवण्याची गोष्ट झाली. बांडुराला पुढे जे दिसलं त्याने तो स्वतः चक्रावला. हे लोक काही काळाने भेटल्यावर सापाविषयी कमी आणि इतर गोष्टींविषयी जास्त बोलत. वर्षानुवर्षं त्रास देणारी सापांची दुःस्वप्नं बंद झाली होती. एका बाईच्या स्वप्नात तर अजगर तिला भांडी घासायला मदत करत होता! काहींनी सांगितलं की आता आम्ही दुसऱ्याही गोष्टी करून पाहतो, ज्यांच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. एवढ्या वर्षांची भीती काही तासांत जाऊ शकते, तर आणखी काय काय जाऊ शकेल?

बांडुराने मग आपलं बरंच संशोधन या प्रश्नाकडे वळवलं. १९७७ साली त्याने जो निबंध लिहिला तो मानसशास्त्रातल्या सर्वाधिक उद्धृत केल्या गेलेल्या लेखांपैकी एक आहे. त्यात त्याने 'सेल्फ-एफिकसी' ही कल्पना मांडली. पाठ्यपुस्तकात तिला 'स्वक्षमता' म्हणतील, मी साध्या भाषेत 'हे मला जमेल' ही खात्री म्हणते. यातला 'हे' महत्त्वाचा. 'मी भारी आहे' असं ही खात्री सांगत नाही. समोरचं हे अमुक काम, आज, या परिस्थितीत, मला जमेल का, एवढंच तिचं क्षेत्र. म्हणून बांडुरा ती मोजायचाही तशीच. कामाच्या पायऱ्यांची यादी द्यायची आणि प्रत्येकीपुढे ० ते १०० मध्ये आकडा लिहायला सांगायचा: आत्ता किती खात्री आहे? पोळी लाटण्याची खात्री ९० आणि पुरणपोळीची २०, असं एकाच माणसाचं असू शकतं. असतंच.

सापांच्या पुढच्या प्रयोगांत त्याने लोकांना उपचारांनंतर, पण शेवटच्या परीक्षेच्या आधी, हे आकडे विचारले. मग परीक्षा घेतली. ज्या पायरीपर्यंत खात्री होती त्या पायरीपर्यंत माणूस जातो, हे पुन्हा पुन्हा दिसलं. उपचारांच्या वेळी त्याने काय काय करून दाखवलं होतं त्यापेक्षाही त्याने आत काय निष्कर्ष काढला, यावरून पुढचं वागणं जास्त अचूक सांगता येत होतं. ज्या अजगरावर सराव झाला होता त्याच्याऐवजी वेगळ्याच जातीचा साप समोर ठेवला, तेव्हाही.

म्हणजे आत्मविश्वासाने फरक पडतो, यात शंका नाही. पण तो आला कुठून? बांडुराने चार झरे सांगितले, आणि त्यांचं पाणी सारखं नाही. सगळ्यात मोठा झरा म्हणजे स्वतः केलेलं काम, तेही थोडं झगडून जमलेलं. दुसरा, आपल्यासारख्या कुणाला ते जमताना पाहणं. तिसरा, विश्वासातल्या माणसाने 'तुला जमेल' असं सांगणं. चौथा, स्वतःच्या शरीराच्या खुणा वाचणं: छाती धडधडते आहे ती भीतीने की उत्सुकतेने? आता गंमत पाहा. आपण आत्मविश्वासाविषयी बोलतो, पुस्तकं विकत घेतो, मुलांना उपदेश करतो, ते जवळपास सगळं तिसऱ्या झऱ्यावर उभं आहे. तो झरा अगदी आटलेला नाही, पण पहिल्याची जोड नसली तर लवकर आटतो. 'तुला जमेल, जमेल' म्हणून पाण्यात ढकललेलं मूल बुडायला लागलं, की पुढच्या वेळी त्याचा सांगणाऱ्यावरचा विश्वासही जातो.

हे सगळं सुचणारा माणूस स्वतः कुठून आला होता हेही थोडं सांगायला हवं. बांडुराचे आईवडील युक्रेन आणि पोलंडमधून कॅनडात आलेले स्थलांतरित. तो १९२५ साली अल्बर्टा प्रांतातल्या मंडेर नावाच्या चिमुकल्या गावात जन्मला. गावातल्या एकुलत्या शाळेत शिक्षकांची वानवा, पुस्तकांचीही वानवा. मुलांना बरंचसं आपलं आपण शिकावं लागे, आणि पुढे तो म्हणे की त्या शिक्षणातलं टिकलं ते हे, आपलं आपण शिकणं. मानसशास्त्राकडे तो वळला तो तर अपघातानेच. विद्यापीठात ज्यांच्या गाडीतून जायचा त्यांचे तास सकाळी फार लवकर असत, मग रिकामा वेळ भरायला म्हणून त्याने हा विषय घेतला. २०२१ साली, ९५ वर्षांचा होऊन तो गेला.

दुसऱ्या झऱ्याचा, म्हणजे 'आपल्यासारख्या कुणाला पाहण्याचा', मला सर्वात आवडणारा पुरावा स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेतला नाही, पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातला आहे. तिथे काही ग्रामपंचायतींचं प्रमुखपद चिठ्ठ्या टाकल्यासारखं, योगायोगाने, स्त्रियांसाठी राखीव होत गेलं. अर्थशास्त्रज्ञांना याहून चांगला प्रयोग रचताच आला नसता. लोरी बीमन, एस्तेर द्युफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९५ गावांतल्या किशोरवयीन मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना विचारलं: पुढे काय व्हायचंय, किती शिकायचंय, लग्न कधी? २०१२ साली त्यांचे निष्कर्ष आले. जिथे लागोपाठ दोन निवडणुकांत पद राखीव होतं त्या गावांत मुलगे आणि मुली यांच्याविषयी पालकांच्या अपेक्षांमधली दरी २५ टक्क्यांनी कमी झाली होती, खुद्द मुलामुलींच्या अपेक्षांमधली ३२ टक्क्यांनी. शिक्षणातलं मुलामुलींमधलं अंतर तर नाहीसंच झालं होतं. या बायकांनी मुलींसाठी शाळा बांधल्या किंवा नोकऱ्या आणल्या म्हणून हे घडलं, असं दिसलं नाही. त्या तिथे खुर्चीत बसलेल्या दिसत होत्या, इतकंच. एकाच वेळी हे घडलं नाही, दोन वेळा बाई दिसावी लागली, हा तपशीलही मला मोलाचा वाटतो.

आता कॅलिफोर्नियात परत येऊ, कारण आत्मविश्वासाच्या इतिहासातला सगळ्यात महागडा गैरसमजही तिथेच वाढला. १९८६ साली जॉन व्हास्कन्सेलोस या आमदाराच्या आग्रहावरून राज्याने आत्मसन्मानावर चक्क एक सरकारी कृतिदल नेमलं. कल्पना अशी की गुन्हेगारी, व्यसनं, अल्पवयीन मातृत्व, शाळेतलं अपयश या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, लोकांना स्वतःविषयी बरं वाटत नाही. ते वाटायला लावलं की बाकीचं आपोआप सुटेल. १९९० साली अहवाल आला आणि अमेरिकेतल्या शाळाशाळांतून आत्मसन्मानाची लाट पसरली. आपल्यापैकी ज्यांची मुलं इथे शिकली त्यांच्या घरात या लाटेचे अवशेष असतील: भाग घेतल्याबद्दलचा चषक, 'यू आर स्पेशल'चे स्टिकर, मुलाने रेघोट्या ओढल्या तरी 'अमेझिंग!'

२००३ साली रॉय बाउमाइस्टर आणि तीन सहकाऱ्यांनी या विषयावरचं सगळं संशोधन चाळून काढलं. आत्मसन्मान आणि परीक्षेतले गुण यांचा संबंध होता, पण बेताचा. आणि आत्मसन्मान वाढल्याने गुण वाढतात याला फारसा आधार सापडला नाही. बाणाची दिशा बहुतेक उलटी होती, गुण चांगले पडले की माणसाला स्वतःविषयी बरं वाटतं. आत्मसन्मान असलेली माणसं जास्त आनंदी असतात आणि पुढाकार घ्यायला कमी कचरतात, हे मात्र खरं निघालं. तेवढ्यासाठीही तो हवाच, पण गुन्हेगारीवरचा इलाज म्हणून नव्हे.

बाउमाइस्टर यांचा सहभाग असलेल्या एका चमूने २००७ साली एक छोटा आणि थोडा क्रूर प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेत जेमतेम काठावरचे किंवा नापास झालेले कॉलेजचे विद्यार्थी घेतले. दर आठवड्याला त्यांना अभ्यासाचे प्रश्न ईमेलने जात. काहींच्या ईमेलमध्ये सोबत स्वतःविषयी चांगलं वाटेल असा मजकूर असे. शेवटच्या परीक्षेत हा मजकूर मिळालेले विद्यार्थी आणखी घसरले. कारण शोधायला लांब जायला नको. नापास होऊनही जर छानच वाटत असेल, तर रात्री जागून अभ्यास कशाला?

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड यांनी २००९ साली आणखी एक तपासणी केली. स्वतःविषयी चांगलं मत असलेले आणि नसलेले, अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना घंटा वाजली की 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं मनात म्हणायला लावलं. ज्यांना ते आधीच पटत होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांना खरी गरज होती त्यांना उलट वाईट वाटलं, बहुधा प्रत्येक घंटेबरोबर आतून कुणीतरी 'कशावरून?' असं विचारत असणार. नंतरच्या एका प्रयोगात हा वाईट परिणाम पुन्हा दिसला नाही, तेव्हा हा निष्कर्ष अंतिम मानू नये. पण सकाळी आरशासमोर उभं राहून घोकण्याने माणूस बदलतो, याच्या बाजूनेही फार काही हाती लागलेलं नाही.

मग मुलांचं कौतुकच करायचं नाही का? आपल्यातल्या अनेकांचे आईवडील याच मताचे होते. ८५ टक्के मिळाले तर उरलेले १५ कुठे गेले असं विचारायचे, आणि चारचौघांत कौतुक केलं तर मूल शेफारेल असं त्यांना मनापासून वाटायचं. तेही काही शास्त्र नव्हतं, फक्त दुसऱ्या टोकाचं होतं. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी दाखवलं की प्रश्न कौतुक करण्या-न करण्याचा नाही, कशाचं करता याचा आहे. पाचवीतल्या मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलेली दिसते' म्हटलं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, जी कुणालाच नीट येणार नव्हती. त्यानंतर 'हुशार' मुलं पहिल्यापेक्षाही वाईट सोडवू लागली. आणि आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या मुलांना लिहून कळवायचे होते तेव्हा त्यांच्यातल्या ३८ टक्के मुलांनी चक्क वाढवून सांगितले! मेहनतीचं कौतुक झालेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होतं. हुशारीचा शिक्का एकदा बसला की तो सांभाळावा लागतो, आणि तो सांभाळायला दहा वर्षांचं पोरसुद्धा खोटं बोलतं.

ड्वेकबाईंच्या या कामातून पुढे 'ग्रोथ माइंडसेट'चा मोठा बाजार उभा राहिला आणि त्याच्याकडून नको तेवढ्या अपेक्षा ठेवल्या गेल्या. २०१९ साली अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर काळजीपूर्वक केलेल्या चाचणीत तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठाचा परिणाम दिसला तो असा: अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या चारपैकी मोजल्या जाणाऱ्या सरासरीत ०.१ची वाढ. तासाभराच्या मानाने हे वाईट नाही, पण चमत्कार म्हणावा असंही नाही. शिवाय वर्गातल्या इतर मुलांमध्ये अवघड काम अंगावर घेण्याची रीत असेल तिथेच तो परिणाम जास्त टिकला.

आत्तापर्यंत आपण विश्वासाविषयी बोललो. त्याचं जुळं भावंड म्हणजे खरेपणा. 'बी युवरसेल्फ', जसे आहात तसे राहा. हे दोन सल्ले अनेकदा एका दमात दिले जातात आणि कुणाच्या लक्षात येत नाही की ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. जो माणूस सभेत बोलायला घाबरतो त्याने 'जसा आहे तसा' राहायचं तर गप्प बसायचं. आत्मविश्वास आणायचा तर नसलेलं सोंग आणायचं. मग खरं काय?

सोंगाच्या बाजूचा एक दावा तुम्हीही ऐकला असेल. दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून ऐटीत उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि माणूस धीट होतो, असा. मूळ प्रयोग २०१० चा आणि ४२ जणांवरचा. २०१५ साली २०० जणांवर तो पुन्हा केला तेव्हा लोकांना जरा बलवान 'वाटलं', पण संप्रेरकं हलली नाहीत आणि वागणंही बदललं नाही. मूळ निबंधाच्या एका लेखिकेने दुसऱ्याच वर्षी जाहीर केलं की आपला आता यावर विश्वास नाही. सापाच्या खोलीबाहेर ऐटीत उभं राहून सापाची भीती जात नाही, आत जावं लागतं.

खरेपणाच्या बाजूचा निकाल त्याहून अनपेक्षित आहे. विल्यम फ्लीसन आणि जोशुआ विल्ट यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या क्षणी विचारलं, आत्ता तुम्ही किती मोकळेपणाने वागत आहात, आणि आत्ता तुम्हाला आपण खरे 'आपण' आहोत असं किती वाटतंय? अपेक्षा अशी की बोलक्या माणसाला बोलताना आणि अबोल माणसाला गप्प असताना तसं वाटेल. आढळलं असं की अबोल माणसांनाही जास्त मोकळेपणी, आपुलकीने, नीटनेटकेपणाने वागताना आपण जास्त खरे आहोत असं वाटत होतं. म्हणजे आपला 'खरा मी' हा बहुतेकांच्या मनात आजच्या स्वभावाची नक्कल नसतो, जिकडे जायचंय तिकडचा असतो. याला एक पुस्ती जोडायला हवी. २०१९ साली मेलबर्नमध्ये लोकांना आठवडाभर मुद्दाम बोलकं वागायला सांगितलं. सरासरीने लोकांना बरं वाटलं, पण मुळातच फार अबोल असलेल्यांना फायदा कमी झाला, थकवा जास्त आला आणि खोटं वागतोय असंही वाटलं. तेव्हा आपल्या घरातल्या शांत मुलाला प्रत्येक पार्टीत गाणं म्हणायला लावणाऱ्यांनी फ्लीसनचा आधार घेऊ नये.

आपल्यासारख्या दोन भाषांत जगणाऱ्यांना हा प्रश्न जास्तच टोचतो. आमच्या इथल्या मराठी शाळेत एक गोष्ट दर रविवारी दिसते. बाहेर पार्किंगमध्ये इंग्रजीत ठणकावून वाद घालणारी मुलं आत आली की 'काकू, मी पाणी प्यायला जाऊ का?' म्हणताना आवाजच बदलतात. थोडी लहान होतात, थोडी गोडही. यातलं खरं मूल कोणतं? नैरान रामिरेझ-एस्पार्झा आणि सहकाऱ्यांनी २००६ साली स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही चांगलं येणाऱ्या लोकांना स्वभावाची एकच प्रश्नावली दोन्ही भाषांत दिली. इंग्रजीत उत्तरं देताना तीच माणसं जास्त बहिर्मुख निघाली. आणि फरकाची दिशा तीच होती जी अमेरिकेतल्या इंग्रजीभाषक आणि मेक्सिकोतल्या स्पॅनिशभाषक लोकांच्या स्वभावांच्या सरासरीत आढळते. म्हणजे भाषा बदलली की जिच्यात ती भाषा जगली जाते ती माणसांमधली वागण्याची रीतही बरोबर येते.

याने मन दुभंगतं का? टॅमी इंग्लिश आणि सेरेना चेन यांनी २०११ साली याचा एक भाग उलगडला. युरोपीय वंशाच्या अमेरिकन लोकांत, वेगवेगळ्या ठिकाणी वेगळं वागणारा माणूस स्वतःला कमी खरा समजतो. पूर्व आशियाई वंशाच्या अमेरिकनांत हा संबंध तितका नव्हता. आईशी एक, साहेबाशी दुसरा, मित्राशी तिसरा, यात त्यांना काही खोटं वाटत नव्हतं. आजची आईशी वागणूक आणि उद्याची आईशी वागणूक यांत फरक पडला तर मात्र त्यांनाही खुपत होतं. हे वाचताना मला आपल्या 'आपण' या शब्दाची आठवण झाली. तो 'मी स्वतः' या अर्थीही येतो, 'तू आणि मी मिळून' या अर्थीही, आणि आदराने समोरच्याला उद्देशूनही. ज्या भाषेत 'स्व' दाखवणाऱ्या शब्दातच समोरचा माणूस शिरून बसला आहे, तिच्यातल्या माणसाने सगळीकडे एकसारखं असण्याचा हट्ट का धरावा?

पण सगळ्या तडजोडी इतक्या निरुपद्रवी नसतात. २०१६ साली सोनिया कांग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६ महानगरांमध्ये सुमारे १,६०० बनावट अर्ज पाठवले. आशियाई अर्जदारांच्या अर्जात मूळचं नाव आणि अनुभव ठेवले तेव्हा ११.५ टक्के अर्जांना बोलावणं आलं. नाव इंग्रजी वळणाचं केलं आणि वंशाची खूण सांगणारे अनुभव गाळले, की २१ टक्के. पात्रता तीच. आम्हाला वैविध्य हवं आहे असं जाहिरातीत लिहिणाऱ्या कंपन्यांचं वागणंही वेगळं नव्हतं, आणि अर्जदार मात्र अशाच जाहिराती पाहून खरं नाव लिहायला धजावत होते. 'स्वतःवर विश्वास ठेवा, जसे आहात तसे राहा' हा सल्ला दारं उघडी आहेत असं गृहीत धरतो. बंद दाराशी विश्वासाने धडक मारली तरी डोकंच फुटतं, आणि मग अशा वेळी नाव बदलणाऱ्याला भित्रा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

कमला सोहोनी (तेव्हाच्या कमला भागवत) यांची गोष्ट मी या संदर्भात वाचते. १९३३ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, पदवी परीक्षेत उत्तम यश मिळवून आलेल्या या मुलीला संचालक सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. ती हटून बसली, तेव्हा एक वर्ष पारखून पाहू अशा अटीवर आत घेतलं. ते वर्ष तिने कामाने भरून काढलं आणि त्यानंतर संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींतल्या सायटोक्रोम-सी या श्वसनातल्या महत्त्वाच्या प्रथिनावर काम करून १९३९ साली त्या डॉक्टरेट झाल्या. प्रेरणादायी कथांत यातला हट्ट तेवढा सांगतात. पण तो हट्ट रिकाम्या मनातून आलेला नव्हता, परीक्षेच्या निकालाचा कागद तिच्या हातात होता. आणि उतारवयातही त्या वागणुकीचा सल त्यांनी लपवला नाही, हेही सांगायला हवं. जिंकल्यावर अपमान विसरलाच पाहिजे असा काही नियम नाही.

राहता राहिला प्रश्न 'होण्याचा'. ठरवून स्वभाव बदलतो का? नेथन हडसन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ३७७ विद्यार्थ्यांना १५ आठवडे हाताळून पाहिलं. प्रत्येकाने आपल्याला कुठला गुण वाढवायचा ते निवडायचं, आणि दर आठवड्याला त्या गुणाला साजेशी छोटी छोटी कामं स्वीकारायची. ज्यांनी कामं नुसती स्वीकारली, उत्साहाने याद्या केल्या आणि पुरी केली नाहीत, त्यांचा स्वभाव जागचा हलला नाही. ज्यांनी ती केली त्यांचा हलला. थोडासा, पण मोजता येईल इतका, आणि हव्या त्या दिशेने. जास्त मोकळं व्हायचंय अशांना दिलेल्या सोप्या कामांपैकी एक होतं, दुकानातल्या कॅशियरला 'हॅलो' म्हणणं. बस, एवढंच. अवघड कामं यादीत पुढे होती आणि ती आधीची जमल्यावर.